साध्या पाण्याचा ठसका

आपल्या मुळशीत आजारी माणसाला आंबेमोहोराची पेज देतात. पातळ, गिळायला सोपी म्हणून. माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा आम्हीही तेच केलं. वरून पाणीही पाजत होतो. ठसका लागला की पाठ चोळायची. आठव्या दिवशी न्यूमोनिया! ज्या दवाखान्यातून घरी आणलं (नाव नको), तिथं गिळणं कुणी तपासलंच नव्हतं. वडील वाचले. त्यांच्या उशाशी बसून मी जे वाचून काढलं, ते सांगतो.

१८९६ च्या डिसेंबरात, मुंबईत प्लेग धुमसत असताना, अमेरिकेत वॉल्टर कॅनन हा वैद्यकीचा विद्यार्थी नव्यानंच सापडलेल्या क्ष-किरणांखाली जनावरांच्या गळ्यातून घास उतरताना बघत होता. पुढे बेरियमचा एक्स-रे आला, पण डॉक्टरांचं लक्ष अन्ननलिका नि जठराकडे. घशात श्वासाची आणि अन्नाची वाट एकमेकींना छेदते तो जेमतेम सेकंदभराचा खेळ. त्याचा पिच्छा पुरवला जेरी लोगमन या बाईंनी. त्या डॉक्टर नव्हेत, स्पीच थेरपिस्ट. बेरियम कालवलेलं पातळ, मग खिरीसारखं घट्ट, मग बिस्किटाचा तुकडा रुग्णाला द्यायचा आणि गिळताना चालता एक्स-रे घ्यायचा. त्यात दिसलं, की झटका आलेल्या अनेकांना सगळ्यात अवघड जातं ते साधं पाणी. स्वरयंत्र मिटायच्या आत ते श्वासनलिकेत शिरतं. काहींना तर ठसकाही लागत नाही, म्हणजे घरच्यांना पत्ताच नाही.

लोगमनबाईंचं पुस्तक १९८३ चं. त्याच साली मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था सुरू झाली. ती कर्णबधिरांसाठी, त्यामुळे स्पीच थेरपी म्हटलं की आपल्याला मुकी-बहिरी, नाहीतर तोतरी मुलंच आठवतात. बोलणं शिकवणारा माणूस गिळणंही शिकवतो, हे मला, वीस वर्षं बातमीदारी करून, ठाऊक नव्हतं. १९८८ पासून तर नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळणं बघता येतं.

शेवटी पुण्यातल्या एका स्पीच थेरपिस्ट मुलीनं वडिलांना तपासलं. पेज आटवून घट्ट करा, हनुवटी छातीकडे झुकवून गिळू द्या म्हणाली. हे प्रत्येकाला लागू पडत नाही, तपासूनच ठरतं. म्हणून घरी सोडायच्या आधी डॉक्टरांना विचारा, गिळणं बघितलं का?

आई त्या मुलीला एवढंच म्हणाली, "पोरी, आधी कुणी सांगितलं असतं तर पेज आटवायला कितीसा वेळ लागतो गं?"