ओवी आणि मिस्सा

आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबारायांची पालखी बारामतीवरून सणसर, बेलवाडी, निमगांव केतकी या मार्गानें इंदापुरास येते, हें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. त्या वाटेवर हजारों माणसें एका सुरांत गातात. त्यांत गवई किती आणि श्रोते किती, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. याच बारामतींत अठराव्या शतकांत मोरोपंत (१७२९-१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयास राहून पुराण सांगत असत. धर्मवाणी लोकांपर्यंत नेण्याच्या दोन रीति येथें शेजारीं शेजारीं नांदल्या. एक सर्वांनीं मिळून गाण्याची, दुसरी एकानें सांगावें व इतरांनीं ऐकावें अशी. कॅथलिक उपासनेंतील गायनाचा इतिहास चाळतांना याच दोन रीतींचा झगडा आमच्या नजरेस पडला, व त्यांत मराठी ओवीचें स्थान पाहून आम्हांस नवल वाटलें.

पाश्चात्य चर्चचें प्राचीन गायन पोप पहिला ग्रेगरी (मृत्यु इ. स. ६०४) याच्या नांवानें ओळखलें जातें, त्याचें आजचें रूप मात्र त्याच्यामागून दीडदोनशें वर्षांनीं फ्रँक लोकांच्या देशांत बनलें, असें पंडितांचें मत आहे. या गायनांत वाद्य नाहीं, ताल नाहीं, एकाच वेळीं अनेक सुरांची गुंफण नाहीं. स्तोत्राचा चरण बव्हंशीं एकाच स्वरावर म्हणावयाचा, मध्यें व शेवटीं थोडी उतरण घ्यावयाची, बस्स. शब्द धनी, सूर त्याचा चाकर. पुढें युरोपांत संगीत फोफावलें, देवळांत कसलेले गायकवृंद आले, नाटकी ढंगाच्या चिजा आल्या, आणि उपासक मुका झाला. ता. २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं दहाव्या पायस पोपनें आज्ञापत्र काढून नाटकी गायनास आळा घातला आणि जुन्या गायनांत लोकांनीं पुन्हां भाग घ्यावा असें सांगितलें, तें याच कारणास्तव.

परंतु लॅटिन न जाणणाऱ्या शेतकऱ्यानें गावें काय? या प्रश्नाला गोमंतकांत एका इंग्रज जेझुइटानें तीनशें वर्षें आधींच उत्तर देऊन ठेवलें होतें. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आला आणि १६१९ सालीं वारला. त्याचें क्रिस्तपुराण १६१६ त रायतूर येथें छापलें गेलें; पहिल्या भागांत ३६ अवस्वर, दुसऱ्यांत ५९, आणि एकंदर ओव्या जवळजवळ अकरा हजार. हें पुराण कां रचलें, तें ग्रंथाच्या आरंभींच आलें आहे. धर्मशिक्षण चालूं असतां एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, कीं आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, तर त्यांच्या जागीं वाचावयास दुसरें कां देत नाहीं? आमच्या मतें हा प्रश्न साऱ्या ग्रंथाहून मोलाचा आहे. धर्म बदलला तरी कानाची भूक बदलत नाहीं, ही गोष्ट त्या ब्राह्मणास कळली होती, आणि स्टीफन्सला ती ऐकूं आली, हें त्याचें थोरपण.

मिस्सा लॅटिनमध्यें होई, पण ती आटोपल्यावर देवळांत पुराणाच्या ओव्या गाइल्या जात. मूळ छपाई रोमन लिपींत झाली, कारण देवनागरीचे खिळे तेथें नव्हते. १६४९ व १६५४ सालीं आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें हुकूम काढून तीन वर्षांत लोकांनीं देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें असें फर्माविलें. त्या तीन छापील आवृत्त्यांपैकीं एकही प्रत अद्यापि सांपडलेली नाहीं. तरीही ग्रंथ जगला. हातांनीं नकला होत राहिल्या, त्या वाचल्या जात राहिल्या. १९०७ सालीं मंगळुरास सालढाणांनीं त्याची आवृत्ति काढली, ती अशाच हस्तलिखितांवरून. छापखान्यानें गमावलें तें नकलकारांनीं आणि गाणाऱ्यांनीं राखलें.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें कार्य येथें ओघानें आठवतें. ते प्रॉटेस्टंट; तरी परक्या चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें मराठी ख्रिस्त्याच्या गळ्याला चिकटत नाहींत, हें ओळखून त्यांनीं अभंग व भजनें रचलीं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनेंही ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक लेखांत एकीकडे ग्रेगोरियन गायनास अग्रस्थान दिलें, दुसरीकडे मिशनच्या प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेचा मान राखण्यास सांगितलें. हीं दोन वाक्यें परस्परविरोधी आहेत असें कांहीं विद्वानांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. तालावांचून चालणारी, एका सुरांत म्हटली जाणारी, शब्दाला धनी मानणारी ओवी ही त्या जुन्या गायनाची नात्यांतलीच आहे. टाळमृदंगाचा अभंग अधिक रंग भरतो खरा. परंतु मिस्सेच्या शांत प्रसंगीं ढोलकी-पेटीचा गजर ऐकून आमच्या मनास खटकतें.

क्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ति शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं पुण्याहून काढली. पहिल्या छपाईस तेव्हां ३४० वर्षें झालीं होतीं. मराठीच्या स्तुतीच्या ओव्या तेवढ्या पाठ्यपुस्तकांत गेल्या. देवळांतल्या मंडळींनीं येशूजन्माच्या प्रसंगांतील वीस-पंचवीस ओव्या निवडाव्या, पेटी बाजूस ठेवावी आणि एखाद्या नाताळांत त्या सर्वांनीं मिळून म्हणून पाहाव्या.