'त्रेसष्ट' की 'साठ तीन'? बालभारतीने नेमकं काय बदललं होतं?

समजा, आगरदांडा जेट्टीवर दुसरीतल्या मुलीने 'त्रेसष्ट रुपये' ऐकलं आणि वहीत 36 लिहिलं. असं का होतं? 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी ऐकू येतात, साठ नंतर. लिहिताना मात्र 6 आधी येतो.

म्हणूनच 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन' असं संख्यावाचन आलं. कन्नड आणि तेलुगूतही दशक आधी बोलतात. 'मराठी मोडताय' अशी टीका झाली, विषय विधानसभेतही गाजला. जुने शब्द काढलेले नाहीत, दोन्ही पद्धती पुस्तकात आहेत, असं गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी स्पष्ट केलं.

घरी करून बघा: 'साठ आणि तीन, त्रेसष्ट' असं मोठ्याने म्हणत मुलांकडून लिहून घ्या.