हैदराबादची रेसिडेन्सी आणि तैनाती फौज
हैदराबादमधील आबिड्सच्या बाजारपेठेपासून जवळच, कोठी भागात, ब्रिटिश रेसिडेन्सीची भव्य स्तंभांची वास्तू उभी आहे. ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक याच्या कारकिर्दीत उभारली गेली. ईस्ट इंडिया कंपनीने निजामाचे राज्य रणांगणावर जिंकले नाही. तैनाती फौजेच्या जोरावर ते अंकित केले.

१७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, तेव्हा इंग्रज तटस्थ राहिले. तरीही १ सप्टेंबर १७९८ रोजी निजाम अलीने कंपनीशी तह केला. फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालील पलटणी मोडण्याचे व कंपनीच्या फौजेचा खर्च सोसण्याचे त्याने मान्य केले. १८०० च्या तहाने फौज वाढली. तिच्या खर्चापोटी बळ्ळारी, कडप्पा हे म्हैसूरकडून मिळालेले प्रदेश कंपनीला द्यावे लागले. १८०२ मध्ये वसई येथे दुसऱ्या बाजीरावानेही असाच तह स्वीकारला.

पुढे निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ‘हैदराबाद कंटिंजंट’ उभी राहिली. तिचा खर्च थकला आणि १८५३ मध्ये मराठीभाषक वऱ्हाडाचा कारभार कंपनीकडे गेला. रक्षणासाठी पोसलेल्या सैन्यानेच राज्याचे लचके तोडले.

१७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान व मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रेसिडेन्सीवर हल्ला झाला. तो परतवला गेला. १८५८ मध्ये कंपनीची सत्ता संपली, पण वऱ्हाडाचा कारभार निजामाकडे परतला नाही. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, ही वास्तू महिला महाविद्यालयाकडे आली.