घरच्या अंगणातील होळी : विधी व अग्निसुरक्षेचे नियम

फाल्गुन शुद्ध पौर्णिमेस प्रदोषकाळी, भद्रा टाळून होलिकादहन करावे असा शास्त्रसंकेत आहे. इंदूर नगरीत होळकरांच्या काळापासून राजवाड्यासमोरील सरकारी होळी प्रथम प्रज्वलित व्हावी आणि मग घरोघरच्या होळ्या पेटाव्यात, अशी परंपरा आहे. घरच्या होळीस मध्यभागी एरंडाची फांदी व भोवती पाच-सात गोवऱ्या पुरेशा होत. चढाओढ करावयाचीच तर ती पुरणपोळीत करावी, होळीच्या उंचीत नव्हे.

मध्य प्रदेशाच्या २००१ च्या वृक्ष परिरक्षण अधिनियमान्वये शहरी हद्दीतील वृक्ष तोडण्यास, तो स्वतःच्या अंगणातील असला तरी, वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक असते. म्हणून वाळलेले सरपणच वापरावे. रंग दिलेल्या फळ्या, प्लास्टिक, टायर होळीत टाकू नयेत. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये ५,००० रुपये भरपाई ठरविली आहे. अग्नीबाबत निष्काळजीपणा करून इतरांच्या जीवितास धोका उत्पन्न करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली अपराध असून, त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

होळी विजेच्या तारा, मांडव व वाहने यांपासून दूर, मोकळ्या जागी रचावी. गच्चीवर मुळीच नको. फरशी किंवा सिमेंटवर रचणे भाग असल्यास खाली वाळूचा जाड थर द्यावा, अन्यथा आतील ओलाव्याची वाफ होऊन तुकडे उडतात. रॉकेल वा पेट्रोल ओतू नये. पेट्रोलची वाफ काडी ओढताच भडकते. कापूर व तूप पुरेसे आहे. प्रदक्षिणा घालताना सुती वस्त्रे असावीत व पदर खोचलेला असावा. पाण्याच्या दोन बादल्या जवळ हव्यात.

नारळाविषयी विशेष सूचना. अखंड नारळ तापला की आतील पाण्याची वाफ होऊन तो फुटतो व निखारे दूरवर उडतात. मुलांना मागे उभे करावे. नारळ लांब काठीने मोठ्यांनीच काढावा. भाजल्यास तो भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. तूप, हळद, टूथपेस्ट लावू नये. आग आवाक्याबाहेर गेल्यास १०१ वर कळवावे.

धुळवडीस होळीच्या विस्तवावर तापविलेल्या पाण्याने स्नान करण्याची व राख अंगास लावण्याची चाल आहे. वरून पांढरी दिसणारी राख सकाळीही आत धगधगत असते. म्हणून पाणी तापवून झाल्यावर निखाऱ्यांवर पाणी ओतावे, काठीने ढवळून पुन्हा ओतावे. अंगास लावण्याची राख आधीच कडेची काढून, पसरून गार करून ठेवावी.