तळटीप : ‘आळशी’ भाषा

* आळशी मूल्यमापन : ही प्रोग्रॅमिंगमधली संज्ञा आहे. एखाद्या पदावलीची किंमत ती दिसताच काढायची नाही. खरोखर लागेल तेव्हाच काढायची आणि एकदा काढली की जपून ठेवायची, अशी ही रीत. पेण तालुक्यातल्या जोहे-हमरापूर भागातल्या कारखान्यांतून बऱ्याच गणेशमूर्ती कच्च्या, म्हणजे न रंगवताच बाहेर पडतात. रंगकाम आणि डोळ्यांची आखणी पुढे मागणीप्रमाणे होते. आळशी मूल्यमापनातही तसेच. सगळ्या मूळ संख्यांची न संपणारी यादी बिनधास्त लिहून ठेवावी. पहिल्या दहा मागितल्या, तर संगणक २९ पाशी थांबतो.

‘एमएल’ ही फंक्शनल भाषा मुळात किंमत आधीच काढणारी. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठातील लेनार्ट ऑगस्टसन आणि थॉमस जॉन्सन यांनी १९८०च्या दशकात तिचे आळशी रूप, ‘लेझी एमएल’, घडवले. १९९० साली जाहीर झालेल्या ‘हॅस्केल’नेही हीच रीत स्वीकारली.

या रीतीतली अडचण मूर्तिकारांनाही ओळखीची वाटेल. कच्च्या मूर्ती साचल्या की शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही. तशी राहून गेलेल्या हिशेबांनी संगणकाची मेमरी भरते. आळशी भाषांमधल्या मेमरीच्या साफसफाईवर आयआयटी मुंबईचे अमिताभ सन्याल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. ‘आळशी’ हा शब्द इथे दोष दाखवत नाही. वाचकांनी तो ‘मागणीबरहुकूम’ या अर्थाने घ्यावा. — संपादक