गणकयंत्रातील वाढीव स्मृतीची कुळकथा

आलेख काढणारे गणकयंत्र आपल्या शाळा-महाविद्यालयांत फारसे रूढ झाले नाही, कारण ज्या शालान्त परीक्षांच्या धाकाने आपले विद्यार्थी गणित शिकतात त्या परीक्षांनी साध्या गणकयंत्रासही दालनात येण्याची मुभा सहसा दिली नाही. परंतु अमेरिकेत व युरोपात विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत ह्या यंत्राभोवती व त्याच्या पूर्वजांभोवती हौशी कारागिरांचा एक संप्रदायच उभा राहिला. कारखान्याने नेमून दिलेली स्मृती अपुरी पडते असे दिसताच यंत्राचे कवच उकलावे, आत मोठी चिप डाख देऊन बसवावी आणि यंत्राची धारणाशक्ती चौपट करावी, ही त्या संप्रदायाची सर्वांत धाडसी, आणि माझ्या मते सर्वांत अभ्यसनीय, विद्या होय.

हिचे मूळ पडद्यावर आलेख उमटू लागण्याच्या पूर्वीचे आहे. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीचे एचपी-65 हे 1974 साली बाजारात आलेले यंत्र शंभर पायऱ्यांची आज्ञावली धारण करी, परंतु विद्युत्प्रवाह बंद होताच ती पुसली जात असल्यामुळे तिची नक्कल लहानशा चुंबकीय पट्टीवर उतरवून ठेवावी लागे. अत्यल्प प्रवाहावर तग धरणाऱ्या सीमॉस जातीच्या चिपा आल्या, 1976 च्या एचपी-25सी ह्या यंत्रात त्यांचा उपयोग झाला, आणि बंद यंत्रातही आज्ञावली शाबूत राहू लागली तेव्हाच खिशातील यंत्राची स्मृती ही कायम मिळकत ठरली. व मिळकत म्हटली की तिच्या विस्ताराची इच्छा ओघानेच आली.

ती इच्छा प्रथम प्रबळ झाली 1979 च्या एचपी-41सी ह्या यंत्रापाशी. त्यात प्रत्येकी सात बाइटांची 63 कोष्ठके होती, आणि माथ्यावर चार खाचा होत्या. एकेका खाचेत 64 कोष्ठकांची एकेक जोडवस्तू बसवून एकंदर स्मृती 319 कोष्ठकांपर्यंत नेण्याची तजवीज कंपनीनेच केलेली होती. परंतु चुंबकीय पट्ट्यांचा वाचक व छपाईचे यंत्र हीदेखील त्याच खाचांची मागणी करीत, आणि म्हणून पूर्ण स्मृती घेणाऱ्या गृहस्थास त्या दोहोंवर पाणी सोडावे लागे. रिचर्ड नेल्सन यांनी 1974 साली एचपी-65 च्या उपयोगकर्त्यांचे जे मंडळ स्थापन केले होते, व जे पुढे पीपीसी ह्या आद्याक्षरांनी ओळखले जाऊ लागले, त्या वर्तुळातील काही हौशी मंडळींनी ह्यावर तोडगा काढला तो असा, की जोडवस्तूचे कवच फोडून आतील चिपा बाहेर काढाव्यात, त्या यंत्राच्या पोटात खाचांच्या संपर्कतारांशीच जोडाव्यात, आणि खाचा मोकळ्या ठेवाव्यात. कंपनीनेही चौपट क्षमतेची एकच जोडवस्तू काढली, आणि तीच स्मृती जन्मतः धारण करणारे एचपी-41सीव्ही विकावयास आणले. ह्याच वर्तुळात वावरलेले, 41सी च्या अलिखित आज्ञांवर 1980 साली ग्रंथ लिहिणारे भौतिकशास्त्रज्ञ विल्यम विक्स पुढे त्या कंपनीतच रुजू झाले व तिच्या आलेखक यंत्रांच्या घडणीत अग्रभागी राहिले.

आलेखक यंत्रांची परंपरा 1985 च्या कॅसिओ एफएक्स-7000जी पासून धरली जाते. त्यात आज्ञावलीसाठी अवघे 422 बाइट होते. पुढील प्रवास त्वरेने झाला, तो येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. महत्त्वाचा टप्पा आहे तो 1993 चा, कारण त्या वर्षी ह्युलेट-पॅकार्डने एचपी-48जी व एचपी-48जीएक्स अशी दोन सहोदर यंत्रे काढली. दोहोंची प्रक्रियाचिप एकाच घराण्यातली, आज्ञासंग्रह एकच, कळफलकही एकच. भेद इतकाच, की थोरल्यास, म्हणजे 48जीएक्स ला, 128 किलोबाइट स्मृती व कार्डांसाठी दोन खाचा होत्या, आणि धाकट्यास 32 किलोबाइट स्मृती असून खाच एकही नव्हती. किमतीत मात्र मोठे अंतर होते. विद्यार्थिदशेतील ग्राहक अर्थातच धाकट्याकडे वळला, आणि वळल्यानंतर अल्पावधीतच त्याच्या ध्यानात आले, की आपणास थोरल्यापासून विभक्त करणारी मुख्य वस्तू एक चिप आहे.

येथे थोडे तपशिलात शिरणे अवश्य आहे, कारण ह्या विद्येचे सौंदर्य तपशिलातच आहे. स्मृतीच्या चिपेस पत्ता सांगण्यासाठी तारा असतात, व प्रत्येक वाढीव तारेने सांगता येण्याजोग्या पत्त्यांची संख्या दुप्पट होते. पंधरा तारांनी 32,768 पत्ते सांगता येतात, सतरा तारांनी 1,31,072. म्हणजे 32 किलोबाइटांची चिप काढून 128 किलोबाइटांची बसवावयाची तर केवळ दोन नव्या तारांची आवश्यकता. लहान चिपेस 28 पाय असतात, मोठीस 32. आणि चिपा बनविणाऱ्या कारखान्यांनी मान्य केलेल्या प्रमाणरचनेनुसार लहानीचे सर्व पाय मोठीच्या खालच्या 28 पायांवर जुळतात, वरचे चार तेवढे बाहेर राहतात. त्या चारांपैकी एक निरुपयोगी, एक वीजपुरवठ्याचा, आणि उरलेले दोन म्हणजे नेमक्या त्या दोन पत्त्याच्या तारा. लहान चिपेच्या ज्या पायास वीज मिळत असे त्या जागी मोठीचा जो पाय येतो, तो सदैव वीज मिळाली तरच चिप जागी राहावी अशा योजनेचा असतो, त्यामुळे तो जोड बदलावाच लागत नाही. ज्या अनामिक अभियंत्यांनी ही पायांची मांडणी ठरविली, त्यांनी भविष्यातील वाढीचा विचार किती दूरवर केला होता हे पाहून माझे मन आदराने भरून येते. हौशी कारागिराने त्यांच्याच दूरदृष्टीचा लाभ घेतला.

प्रत्यक्ष कृती मात्र कष्टाची होती. ह्या यंत्राच्या कवचास मोकळे करण्याजोगा स्क्रू नव्हता. त्याचे दोन्ही अर्धे भाग प्लॅस्टिकच्या खुंट्या वितळवून सांधलेले, आणि ते अलग करताना कवच तडकण्याचे भय. आत गेल्यावर, चिपेचे पाय दाट व बारीक, डाख एका पायावरून शेजारच्यावर सांडला की सारा व्यवहार बिघडे. अंगावर साठलेल्या स्थिर विद्युतेच्या एका अदृश्य ठिणगीने सीमॉस चिप कायमची निकामी होई, म्हणून मनगट तारेने भूमीशी जोडून काम करावे लागे. जुनी स्मृती पुसली जाणार हे निश्चित असल्याने सर्व दप्तर अगोदर तारेवाटे संगणकावर उतरवून ठेवणे हा पहिला दंडक. काही जण जुनी चिप काढण्याचेही टाळीत व नवी चिप तिच्या पाठीवर बसवून समान पाय एकमेकांस डाखीत. फक्त चिप निवडणारा पाय वर उचलून त्यास स्वतंत्र तार देत. थोरल्या 48जीएक्स ची मर्यादाही ह्याच मंडळींनी अजमावून पाहिली. त्या घराण्याच्या सॅटर्न प्रक्रियाचिपेस वीस द्विमान अंकांचा पत्ता वापरता येतो, व प्रत्येक पत्त्यावर अर्धा बाइट असल्यामुळे तिची दृष्टी 512 किलोबाइटांपलीकडे पोहोचत नाही. म्हणून दुसऱ्या खाचेत 128 किलोबाइटांचे एकेक दालन आळीपाळीने समोर आणण्याची सोय होती, आणि अशा बत्तीस दालनांनी ती खाच चार मेगाबाइटांपर्यंत नेता येई.

टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या यंत्रांची वाट थोडी निराळी. 1992 च्या टीआय-85 पासून त्यांना परस्परांशी जोडण्याची तार मिळाली, आणि 1994 मध्ये झेडशेल ह्या हौशी आज्ञावलीने त्या यंत्रावर प्रक्रियाचिपेच्या मूळ भाषेतील आज्ञावल्या चालविण्याचा मार्ग खुला केला. खेळांचा व साधनांचा पूर आला, 28 किलोबाइट अपुरे पडू लागले, आणि काहींनी जोडतारेच्या छिद्रात बसणाऱ्या बाह्य स्मृतीच्या लहान पेट्या बनविल्या. 1999 च्या टीआय-83 प्लसमध्ये कंपनीने फ्लॅश स्मृती दिली, तेव्हा ती निकड बरीच ओसरली.

ह्युलेट-पॅकार्डच्या घराण्यात 2003 च्या एचपी 49जी+ ने एसडी कार्डाची खाच आणली, व 2006 च्या एचपी 50जी ने ती कायम ठेवली. छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यातील कार्ड गणकयंत्रात चालू लागले, आणि साठवणीचा प्रश्न, निदान परिमाणापुरता, मिटला. परंतु डाखलेली चिप व हे कार्ड ह्यांची जात एक नव्हे. चिपेतील प्रत्येक बाइटास प्रक्रियाचिपेच्या पत्त्यांत स्वतःचे स्थान असे, आणि आज्ञावली होती तेथूनच चाले. कार्डावरील आज्ञावली चालविण्यापूर्वी तिची नक्कल यंत्राच्या अंतर्गत स्मृतीत आणावी लागते, आणि म्हणून ज्याला मोठी आज्ञावली व तिची सामग्री एकाच वेळी मांडावयाची असेल त्याला कार्ड कितीही मोठे असले तरी अंतर्गत स्मृतीचीच मर्यादा पाळावी लागते.