वैताग म्हणजे काय? अर्थ, वापर आणि जवळचे शब्द

वैताग हा पुल्लिंगी नाम असलेला शब्द आहे. एखादी त्रासदायक गोष्ट पुन्हा पुन्हा घडत राहिली की जी तीव्र चीड येते आणि सोबत जो थकवा येतो, त्याला वैताग म्हणतात. वैतागणे हे त्याचे क्रियापद. या शब्दाचे अनेकवचन सहसा कोणी करत नाही.

राग एका वाक्यानेही येऊ शकतो. वैताग मात्र साठत जातो. लोकल एक दिवस उशिरा आली तर चिडचिड होते, महिनाभर रोज उशिरा आली की वैताग येतो. शिवाय रागाला बहुतेक वेळा समोर कोणीतरी माणूस लागतो, वैतागाला लागत नाही. उकाडा, न येणारा ओटीपी, न वाळणारे कपडे, काहीही चालते. ‘काय वैताग आहे!’ म्हणणारा बऱ्याचदा कोणालाच दोष देत नसतो.

खरी गंमत प्रत्ययात आहे. ही दोन वाक्ये पाहा:

आई मुलांवर वैतागली.
आई मुलांना वैतागली.

पहिल्या वाक्यात आई मुलांना रागावून बोलली, तासाभरात विसरेलही. दुसऱ्यात तिची सहनशक्ती संपत आली आहे आणि कदाचित ती काही बोललेलीही नाही. ‘मी नोकरीला वैतागलोय’ या वाक्यातही हेच दिसते. असे कोणी म्हटले तर ‘शांत हो’ हे उत्तर अपुरे पडते, कारण तो माणूस चिडलेला कमी आणि थकलेला जास्त असतो.

जवळचा शब्द कंटाळा. रिकाम्या दुपारचा कंटाळा वेगळा आणि ‘सासरच्या छळाला कंटाळून’ या बातमीतला वेगळा. तिथे कंटाळणे म्हणजे करमत नसणे नव्हे, सहन करण्याची सीमा ओलांडली जाणे. मराठी शिकणारे इथे हमखास अडखळतात. वैतागाचा अर्थ असा दुहेरी नाही, तो नेहमी त्रासाचाच. उबग आणि तिटकारा हे आणखी पुढचे शब्द. वैताग विश्रांतीने जाऊ शकतो, तिटकारा सहसा जात नाही.

वैताग हा घरगुती बोलीतला शब्द आहे, तक्रार अर्जात तो शोभत नाही. ‘तुमच्या सेवेने वैताग आणला आहे’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला ती नुसती कुरकुर वाटते. तिथे ‘वारंवार तक्रार करूनही दुरुस्ती झाली नाही, त्यामुळे मनस्ताप सहन करावा लागला’ असे लिहावे, सोबत तक्रारींच्या तारखा द्याव्यात. ग्राहक आयोगापुढील प्रकरणांतही भरपाई मागताना ‘मानसिक त्रासापोटी’ असाच शब्दप्रयोग असतो.

तरुण मंडळी हल्ली ‘इरिटेट होतंय’ म्हणतात. पण तो शब्द त्या क्षणापुरता वाटतो, महिनाभर साठलेले त्यात मावत नाही.